अठरा मीटर

"सर, माझं चाक बिघडलंय बहुतेक," वैष्णवी म्हणाली, आणि पोखरकर सरांना उगीचच बरं वाटलं. नव्या माणसाची नवी वस्तू पहिल्याच आठवड्यात बिघडावी यात जुन्या माणसाला एक बारीकसं सुख असतं. ते त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. जिमखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून ते बसले होते. निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. त्यांच्या जागी क्रीडाशिक्षक म्हणून आलेली ही पोरगी सकाळपासून लांब दांड्याचं एक पिवळं चाक ढकलत मैदानाला फेऱ्या घालत होती, आणि चाक मीटरमागे एकदा टक् करत होतं. हायवेवरून कळंबकडे जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजातही ते टकटक त्यांना सारखं ऐकू येत होतं, दाढ ठणकत राहावी तसं. "काय म्हणतंय चाक?" त्यांनी विचारलं. "चारशेच्या ट्रॅकला तीनशे ब्याऐंशी दाखवतंय." "परत फिरव." "तीनदा फिरवलं, सर." मग ती आत जाऊन स्टीलची टेप घेऊन आली, भिका शिपायाला दुसरं टोक धरायला लावून तिनं मैदानाच्या सरळ बाजू मोजल्या, मधल्या दगडापासून वळणं मोजली. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा तिचा चेहरा काहीतरी चोरून आणल्यासारखा झाला होता. "टेपनंही तेवढंच येतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "अठरा कमी. मी कुणाला बोलले नाहीये, सर. शनिवारी तुमचा निरोपाचा कार्यक्रम होऊ दे. मग बघू कधीतरी." एवढं बोलून तिनं चाक भिंतीला टेकवलं आणि ती वर्गाकडे गेली. पोखरकरांना तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. पोरगी भली होती, आणि तिच्या भलेपणाखाली आपण आता झाकून ठेवले जाणार, हे कळून त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

मान जरा वळवली की आतल्या भिंतीवरचा विक्रमांचा फलक दिसायचा. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. दर पावसाळ्यानंतर भिका ओल्या फडक्यानं त्यावरची बुरशी पुसायचा आणि पोखरकर स्वतः ब्रश घेऊन उडालेल्या काना-मात्रा भरायचे. एक्याण्णव ते दोन हजार सहा. शंभर मीटर, दोनशे, चारशे, आठशे. माणसाला हात, पाय, डोकं असतं तसा आपल्याला हा फलक आहे, असं ते गमतीनं म्हणायचे. पण गंमत नुसती गंमत नसते. बायको एकदा म्हणाली होती की घरातल्या पोरांचे वाढदिवस तुम्हाला पाठ नाहीत, फलक मात्र तोंडपाठ आहे. खरं होतं. आता डोळे मिटूनही त्यांना ओळीमागून ओळ दिसू लागली आणि प्रत्येक ओळीच्या शेपटाला त्यांचं मन आपोआप अठरानं भागायला, गुणायला, वजा करायला लागलं. ते त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला. थांबेना. सहाव्या ओळीवर मात्र ते मुद्दाम गेले नाहीत, वळसा घालून पुढे गेले, घरात एखाद्या खोलीपाशी पाय आपोआप हळू पडावेत तसे.

ते उठले, आत गेले आणि कपाटाच्या तळातून चामड्याच्या खोळीतली जुनी कापडी टेप काढली. तीस मीटरची. चांगदेव सरांची. नव्वद साली चांगदेव सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी याच कपाटाची किल्ली पोखरकरांच्या हातात दिली होती: दोन गोळे, टोक वाकलेला एक भाला आणि ही टेप. त्या वेळी कॉलेजला ट्रॅक असा नव्हताच. चांगदेव सर पोरांना थेट हायवेवर पळवायचे, किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ लावायचे. सरकारनं एकदा मोजून ठेवलंय, आपण कशाला परत मोजायचं, असं त्यांचं म्हणणं. पोखरकर जुन्नरच्या शाळेतली पी.टी.ची नोकरी सोडून, मधे अमरावतीहून शारीरिक शिक्षणाची डिग्री घेऊन आलेले. अंगात नवी हौस. पोरांना ट्रकांमधून पळवणं त्यांना अडाणीपणाचं वाटलं, आणि एक्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी भिकाला हाताशी धरून चार दिवसांत ट्रॅक आखला. सरळ बाजूला तीनदा टेप टाकली, वळणाला मधल्या दगडापासून दोनदा. कोपऱ्यांवर दगड पुरले, वर सिमेंट घातलं. पुढची पंधरा वर्षं भिका दगडावरून दगडावर चुना ओढत राहिला. दगड एकदा बसला की त्याला कोण विचारतं?

पोखरकरांनी टेपची पितळी कडी बोटात धरली. कडीच्या मुळाशी जाड दोऱ्याची बारीक, सुबक शिवण होती, चांभाराच्या हाताची. आणि कडीपासून एक मीटरवर जिथं एकचा आकडा असायला हवा, तिथं दोन होता. पहिला मीटर कधीतरी उंदरांनी खाल्ला असणार, आणि चांगदेव सरांनी कडी पुढच्या तुकड्याला शिवून घेतली असणार. ज्याला तीसचा आकडा बघायचाय तो दोनकडे कशाला बघेल? टेप टाकली की एक मीटर गायब. सरळ बाजूंना तीन-तीन, वळणांना तर त्रिज्येतच दोन. हिशेब इतका सोपा होता की तो त्यांच्या वर्गातल्या कुठल्याही पोरानं फळ्यावर मांडला असता.

भिका बाहेर बादलीत चुना कालवत होता. पोखरकरांनी त्याला टेप दाखवली. भिकानं हात पुसले, टेप ओळखली आणि तो खूश झाला. "चांगदेव सरांची ही. ते असं रेघंला टाच लावायचं, एक ढांग टाकायचं, आन् मंग तिथनं कडी लावायचं. लांब उडीला, गोळ्याला, समद्याला." उंदरांनी खाल्लेला मीटर ढांगेनं भरून काढायचा. पोखरकरांनीही ते पाहिलं होतं. पहिल्या वर्षी, दोन-तीनदा. मोजण्याआधी म्हातारा एक लांब ढांग टाकतो. काही लोक गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करतात तसली काहीतरी सवय, असं त्यांना वाटलं होतं, आणि त्यांनी ते चहाच्या टपरीवर इतर मास्तरांना करूनही दाखवलं होतं. सगळे हसले होते. "मग आपण ट्रॅक आखला तेव्हा तू मला का सांगितलं नाहीस?" त्यांनी विचारलं. भिकानं डोकं खाजवलं. "मला काय म्हाईत, सर. तुमी डिग्री घिऊन आल्यालं. म्हटलं शिकल्याल्या मानसाला ढांग टाकायची गरज नसंल. नवी पद्धत आसंल." त्याच्या बोलण्यात खोच अजिबात नव्हती. त्यानं पुन्हा काठी बादलीत घातली आणि तो चुना ढवळू लागला.

दुपारी जिमखान्यात कोणी नसतं. पोखरकर सतरंजीवर आडवे झाले. डोळे मिटले की पुण्याचं मैदान दिसू लागलं, आणि ज्या गोष्टीचा त्यांना इतकी वर्षं अभिमान होता तीच उठून त्यांच्या छातीवर बसली. ती गोष्ट अशी होती की त्यांच्याकडे एक सिद्धांत होता. आपली पोरं घरच्या ट्रॅकवर वाऱ्यासारखी पळतात आणि पुण्याला गेली की मार खातात, का? तर शहराचा धाक. उंच स्टँड, स्पाइकचे बूट, इंग्रजी बोलणारे कोच. आपली पोरं मनानं दबतात. हा सिद्धांत त्यांनी परिसंवादांत मांडला होता, प्राचार्यांना ऐकवला होता, दैनिकाच्या पुरवणीत त्यावर अर्धं पान लिहिलं होतं. ग्रामीण खेळाडूचं मन, असं त्याचं नाव. आंबेगाव, जुन्नर, खेडचे तरणे मास्तर त्यांच्याकडे येऊन त्यावर बोलायचे. पंधरा वर्षं दर डिसेंबरात पोरं पुण्याहून मान खाली घालून परतायची आणि दर डिसेंबरात पोखरकर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना त्यांच्याच मनाचा दुबळेपणा समजावून सांगायचे. पोरांनी ते मानलं. का मानू नये? सर सांगत होते.

आणि सहावी ओळ. आता तिला वळसा घालता येईना. १५०० मीटर (मुली) – कु. ठकू जानकू असवले, तळेघर – ४ मि. ५२ से. – १९९४. बारा वर्षांत तिच्या जवळपास कोणी गेलं नव्हतं. ठकू कॉलेजात आली तेव्हा तिच्या पायाचा तळवा नाचणीच्या भाकरीसारखा जाड आणि तडे गेलेला होता. एसटी चुकली म्हणून एकदा ती तळेघरहून निम्मं अंतर चालत आणि निम्मं दुधाच्या गाडीतून आली, आणि आल्या आल्या ट्रॅकवर उतरली. बोलायची कमी. धावताना तोंड मिटलेलं, डोळे पुढच्याच्या टाचेवर. तिची ४:५२ ची वेळ लागली तेव्हा पोखरकरांनी घड्याळ दोनदा बघितलं होतं. एवढी वेळ म्हणजे पुण्यात पहिली, आणि पहिली म्हणजे विद्यापीठाचा संघ, मग पुढचं सगळं. ते स्वतः वाडीवर जाऊन तिच्या बापाला भेटले होते. स्थळ बघितलेलं होतं, ते जानकूनं त्यांच्या शब्दावर पुढे ढकललं. त्या डिसेंबरात पुण्यात ती तीन राउंडपर्यंत दुसरी होती. मग मागच्या पोरी एकेक करून पुढे निघाल्या. सहावी आली, पाच मिनिटं चार सेकंद. बारा सेकंद कुठे गेले? पोखरकरांना वाटलं होतं, कुणीतरी आपल्या तोंडात मारली. ती खाली बसून धापा टाकत होती, आणि धाप टाकतच वर बघून म्हणाली होती, "सर, हितला राउंड मोठा हाय."

ते हसले होते. आता सतरंजीवर पडल्या पडल्या त्यांना स्वतःचं हसणं ऐकू आलं, अगदी त्याच आवाजात. परतीच्या टेंपोत सगळ्या संघासमोर ते म्हणाले होते, "नाचता येईना अंगण वाकडं. अगं, राउंड जगात सगळीकडे चारशेचाच असतो." पोरं खूप हसली होती. ठकू टेंपोच्या फळीला धरून बाहेर बघत होती. त्यानंतर दर वर्षी नव्या बॅचला पहिल्याच दिवशी ते हा किस्सा सांगायचे: डोंगरातली एक पोरगी होती, पायात दम होता पण मनात नव्हता, हरली आणि म्हणाली काय, तर इथला राउंड मोठा आहे. नाव कधी घेतलं नाही त्यांनी. तेवढी सभ्यता त्यांनी पाळली, याचं त्यांना बरं वाटायचं. पुढच्या महिन्यात जानकू कॉलेजात आला होता, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन. आणखी एक वर्ष थांबवू का पोरीला, एवढंच विचारायला. पोखरकर तेव्हा दुखावलेले होते. तिच्यावर लावलेला जीव त्यांना फसवणूक वाटत होता. ते म्हणाले, "शरीर आहे, जीव नाही. शेवटाला कच खाते. तुम्ही तुमचं बघा." जानकूनं मान डोलावली. त्या वैशाखात लग्न झालं. पत्रिका आली होती. त्या दिवशी त्यांना कुठलीशी मीटिंग होती.

उशाशी निरोपसमारंभाच्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांनी त्यातली एक उलटी केली आणि पेन घेतलं. पंधराशे म्हणजे पावणेचार राउंड. राउंडला अठरा कमी. म्हणजे घरी ती चौदाशे बत्तीस मीटर धावली होती. राहिलेल्या अडुसष्ट मीटरला त्याच वेगानं चौदा सेकंद. म्हणजे तिची घरची खरी वेळ पाच-सहा. पुण्यात लागली पाच-चार. त्यांनी बेरीज पुन्हा केली, मग तिसऱ्यांदा. कच खाल्ली म्हणून ज्या दिवशी त्यांनी तिला टेंपोत बसवलं, त्या दिवशी ठकू तिच्या आयुष्यातलं सगळ्यात वेगवान धावली होती. पत्रिकेच्या पुढच्या बाजूला त्यांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, असंख्य खेळाडूंचे शिल्पकार. पोखरकरांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली. त्यांना रडू येत नव्हतं. फार वर्षं उन्हात उभं राहिल्यावर जसं सावलीत येऊनही अंग तापलेलंच राहतं, तसं नुसतं तापलेलं वाटत होतं.

गप्प बसता आलं असतं. शनिवारी हार घ्यायचा, शाल घ्यायची, वैष्णवीनं पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या लक्षात न येता दगड हलवले असते. रात्रभर त्यांनी हाच विचार घोळवला आणि सकाळी उठले तेव्हा तो शिळ्या भातासारखा चिकट झाला होता. मैदानावर वैष्णवी पोरांना व्यायाम देत होती. ते तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आजच दगड उपटून टाक. फलकही उतरव. शनिवारी विचारलं कोणी तर मी सांगेन." ती काहीतरी बोलणार होती. "चाक चांगलं आहे तुझं," ते म्हणाले आणि हायवेकडे वळले.

भीमाशंकरची एसटी गुरुवार असल्यानं रिकामी होती. घोडेगाव गेलं, डिंभ्याचं पाणी गेलं, आणि गाडी चढणीला लागली तसे पोखरकरांचे विचार मागे-मागे राहू लागले. काय बोलायचं ते त्यांनी चार वेळा जुळवलं आणि चारही वेळा त्यात 'ग्रामीण' हा शब्द आला. तळेघरला उतरून वाडीपर्यंत दीड मैलाची चाल. गुडघे बोलायला लागले. याच वाटेनं ती रोज पहाटे एसटीला यायची आणि कॉलेजात पोचली की पोखरकर वर तिला म्हणायचे, वॉर्मअप कर. भातकापणी चालू होती. खाचराखाचरांतून वाकलेल्या बाया सरळ होऊन या बुटातल्या म्हाताऱ्याकडे बघत होत्या. घर विचारावं लागलं नाही. अंगणात भाताच्या पेंढ्या रचत असलेली बाई मान वर करून उभी राहिली, आणि तिच्या उभं राहण्यावरून त्यांनी ओळखलं. खांदे अजून तसेच सैल, उतरते.

"सर? आज कुठं वाट चुकला?" ठकू म्हणाली. तिनं आतून पाणी आणलं. नवरा भीमाशंकरला हारफुलांच्या दुकानावर होता. आई दोन वर्षांमागं गेल्यापासून बापासाठी ती नवऱ्यासकट इथं माहेरीच राहत होती; बाप ओट्यावर खांबाला टेकून बसला होता आणि पाहुणा कोण आला ते डोळे बारीक करून बघत होता. पोखरकर पाणी प्यायले. जुळवलेलं सगळं सांडून गेलं. "ठकू, पुण्यात तू म्हणाली होतीस, राउंड मोठा आहे."

"व्हय."

"तो मोठा नव्हता. आपला लहान होता. अठरा मीटरनं. मीच आखला होता, माझीच चूक."

तिनं पेंढ्यांवरचा विळा उचलून त्याला चिकटलेलं गवत अंगठ्यानं काढलं. "म्हाईत व्हतं."

"माहीत होतं?"

"पायाला कळतं की, सर. अडीच वर्सं त्योच राउंड मारला मी. तिथं वळान सपताच सपंना."

"मग परत का नाही बोललीस मला?"

"येकदा बोलले व्हते की. तुमी हसला." हे तिनं तक्रारीनं म्हटलं नाही. पाऊस कधी आला, कधी गेला ते सांगावं तसं सांगितलं, आणि म्हणूनच पोखरकरांना ते फार लागलं. त्यांनी खिशातली पत्रिका काढली, उलटी केली, तिला दाखवली. आकडे वाचून दाखवले. घरची खरी वेळ पाच-सहा. पुण्याची पाच-चार. "त्या दिवशी तू सगळ्यात जोरात धावलीस. घरच्यापेक्षा दोन सेकंदांनी." ठकूचा हात विळ्यावरच थांबला. ती पत्रिकेकडे बघत राहिली, जणू त्या आकड्यांत कुणी ओळखीचं दिसत होतं. "ह्ये नव्हतं म्हाईत," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं आणि ओट्याकडे हात केला. "मला सांगून काय व्हनार आता. आबाला सांगा. तुमी त्यांला सांगितलं व्हतं ना, पोरीत जीव न्हाई म्हणून. आजून म्हणत्यात. हातनं काय सांडलं, काय ऱ्हायलं, की म्हणत्यात, मास्तर म्हणलाच व्हता, शेवटाला कच खाती. मोठ्यानं सांगा पर. कानानं कमी झाल्यात."

पोखरकर ओट्याजवळ गेले. हा आवाज त्यांनी आयुष्यभर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकला होता. आता तो हळूच निघाला. "आबा, मी पोखरकर. कॉलेजचा." जानकूनं हात जोडले. "तुमची पोरगी तेव्हा हरली नव्हती." "काय?" "हरली नव्हती, म्हणतो. कच खाल्ली नव्हती तिनं." म्हाताऱ्यानं कानाला पंजा लावला. मग पोखरकर ओरडले, मैदानावर ओरडायचे तसेच, आणि खाचरातल्या बाया पुन्हा सरळ झाल्या. "माझं मैदान कमी भरलं, आबा. मी चुकलो. मी तुम्हाला खोटं सांगितलं." जानकूचे ओठ हलत होते, आत काहीतरी मागं-मागं मोजत असल्यासारखे. मग त्यानं विचारलं, "किती कमी भरलं?"

"अठरा मीटर."

"म्हंजी केवढं?"

पोखरकरांनी दोन्ही हात लांबवले, मग खाली घेतले. ठकूनं विळा पेंढ्यांवर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि ओट्याच्या दगडाला टाच लावून उभी राहिली. मग तिनं ढांग टाकली. एक, दोन, लांब, सारख्या, न मोजता मोजलेल्या. बाराव्या ढांगेला अंगण संपलं. बांध ओलांडून ती कापलेल्या खाचरात उतरली, बुडख्यांमधून तशीच पुढं गेली, आणि अठराव्या ढांगेला थांबून वळली. तिथून ती लहान दिसत होती. "एवढं, आबा," ती म्हणाली, आणि त्याला ऐकू जावं म्हणून तिला ओरडून म्हणावं लागलं.

जानकूनं कपाळावर हात धरून लेकीकडे बघितलं. बघत राहिला.

"लई हाय की," तो म्हणाला.

"हो," पोखरकर म्हणाले. "लई आहे."